गाडी चालू झाली की निघू

४ नोव्हेंबर, मंगळवार

ही वही माझी नाही. ह्यांची आहे, म्हणजे खरं तर गाडीची. एकतीस वर्षं मोटारसायकलला जे जे केलं ते ह्यांनी तारीख घालून हिच्यात लिहिलंय. 'ऑईल बदललं.' 'चेन ताणली.' 'मागचे ब्रेक लायनर नवे.' मुलगा झाला त्या दिवशी लिहिलंय, 'क्लच केबल तुटली, वाटेतच बांधली.' बाप झालो हे लिहायला जागा होती की खाली, पण नाही लिहिलं.

आज वही माझ्या मांडीवर ठेवली आणि डाव्या हाताने हवेत लिहिल्यासारखं केलं. उजवा हात झटका आल्यापासून पडून असतो. म्हटलं, "अहो, मी काय लिहू हिच्यात?" तर म्हणाले, "गाडी."

त्याचं असं झालं. रविवारी मुलाचा फोन आला. आता तुम्ही दोघं इकडे या, खोली तयार आहे, लिफ्ट आहे, दिवसभर बाई ठेवू, दवाखाना समोर आहे. मी फोन ह्यांच्या कानाला लावला. सगळं ऐकून घेतलं आणि तीन दमांत तीन शब्द बोलले. "गाडी. चालू. मग." मुलगा हसला. म्हणाला, "ठरलं बाबा. गाडी चालू झाली की निघू. तीसुद्धा टेम्पोत घालून आणू." गाडी चौदा महिने मागच्या पडवीत उभी आहे, ह्यांच्यासारखीच.

मेकॅनिकचं नाव काढलं तर ह्यांनी दोन वेळा ताट सरकवलं. या घरातल्या गाडीला परका हात कधी लागलेला नाही. मग उरले मी. तीस वर्षं शिवणयंत्र चालवलंय, दहा वेळा उघडून परत जोडलंय. म्हटलं, चला, त्याच्या मोठ्या बहिणीला हात घालून बघू.

ह्यांना आता अक्षर लागत नाही. डॉक्टर म्हणाले, वाचण्याचा भाग गेला. म्हणजे या वहीत मी काहीही लिहिलं तरी चालेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग हवा. तीन बोटं दाखवतात, एकेक मिटवतात. मी मधलंच बोट धरलं तर मान हलवतात, जणू मी बाही जोडायच्या आधी काजं करायला बसले आहे.

वेताची खुर्ची गाडीशेजारी मांडते, त्यांना धरून आणून बसवते, मग माझी अंघोळ, पाणी, गिऱ्हाइकाची मापं उरकून येते. तोवर ते डावा हात टाकीवर ठेवून बसलेले असतात.

टाकीतलं पेट्रोल शिळं झालं होतं, वास व्हार्निशसारखा. सगळं काढलं. खालच्या तोटीची जाळी गंजाने भरली होती. दात घासायच्या जुन्या ब्रशने घासली आणि टाकीत लिटरभर ताजं पेट्रोल घातलं. मग हवेच्या फिल्टरचा डबा उघडून फिल्टर झटकला. त्याला एकच नट आहे, नुसत्या हाताने फिरतो. क्रम चुकला म्हणून ओरडा खाल्ला. ओरडा म्हणजे "अं अं अं." तरी ओरडाच.

९ नोव्हेंबर, रविवार

आज कार्बुरेटर सोडवला. हा पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, मुठीएवढा. आत पितळेचा जेट असतो, त्याला केसाएवढं भोक. ते बुजलं होतं. मी मोठ्या ऐटीत नऊ नंबरची सुई आणली आणि घालणार तोच हातावर चापट बसली. सुईने भोक मोठं होतं, गाडी मग पेट्रोल पीत सुटते. हे त्यांनी गाल फुगवून, घटाघटा प्यायल्याची नक्कल करून सांगितलं. एवढी नक्कल! मी हसत सुटले, तेही हसले. अर्धंच तोंड हसतं पण हसले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

मग जेट पेट्रोलमध्ये भिजत ठेवला, तोंडाने फुंकला. पेट्रोलची चव संध्याकाळपर्यंत जिभेवर होती.

शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काय हो मीटरवाले भाऊ, बायकोला कामाला लावलंत!" ह्यांनी अख्खा जन्म वीजमीटर वाचण्यात घालवला, या वस्तीतल्या प्रत्येक घरात महिन्यातून एकदा गेले. बोलता येत नाही तरी कुणाचा मीटर दाराआड, कुणाचा चपलांच्या फळीवर, सगळं ठाऊक. वहिनींनी गंमत म्हणून विचारलं, "आमचा सांगा कुठे?" ह्यांनी डाव्या हाताने बोट वर केलं, मग उजवीकडे, मग घंटा वाजवल्यासारखं केलं. दारावरच्या घंटेच्या वर. बरोबर! दिवसातून चार-पाच माणसं कुंपणाशी थांबतात, की ह्यांचा चेहरा उजळतो. मी एवढं करते, माझ्यासाठी चेहरा असा उजळत नाही. असो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ठिणगी दिसली!

प्लग काजळीने काळा झाला होता. पॉलिश पेपरने घासला, टोकाची फट मोजायला ह्यांनी जुनं कार्ड दिलं, ते फटीत नीट बसेपर्यंत टोक वाकवलं. मग प्लगला वायरची टोपी लावून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरायचा आणि किक मारायची. धरायचं त्यांनी, मारायची मी. छप्पन्नाव्या वर्षी साडी खोचून किक! अकराव्या किकला निळी ठिणगी उडाली, चट्कन आवाज झाला. मी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी बघितलं आणि प्लग खाली ठेवला.

म्हटलं, "लावू का आता? चालूच होणार." तर म्हणाले, "उद्या."

मुलाला फोन केला. म्हणाला, "आई, तू तर कमालच केलीस." पोरगं खूश झालं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ठिणगी नाही. काल होती, आज नाही. पंचवीस किका मारल्या. पायाच्या पोटऱ्यांत गोळे आले. शेवटी टोपी ओढून पाहिली तर तिच्यातून वायरच निसटलेली. आतला स्क्रू पूर्ण सुटला होता. किकांच्या हादऱ्याने सुटला असणार. जुनी गाडी, काय भरवसा.

जोडून झालं तोवर ऊन उतरलं होतं. ह्यांची नखं काळी झाली होती, डाव्या हाताची. दिवसभर टाकीला हात लावून बसतात ना. गरम पाण्यात हात बुडवून साबणाने घासून दिली. हात माझ्या हातात ठेवून शांत बसले होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज गाडीचं काही नाही. माझंच लिहिते.

मला जायचं आहे. हे कुणाला सांगायची सोय नाही. लोक म्हणतात, स्वतःचं घर सोडून कशाला जाता. त्यांना काय माहीत. सकाळी उठवायचं, बसवायचं, धरून न्यायचं, पुसायचं, भरवायचं, परत उचलायचं. माणूस निम्मा झाला तरी वजन तेवढंच आहे. माझी कंबर गेली आहे. शिवायला बसले की टाके वाकडे जातात. एकदा कुणीतरी दुसऱ्याने त्यांना उचलावं आणि मी नुसतं बघत उभं राहावं, एवढंच मागणं आहे. मुलाकडची खोली मी डोळे मिटले की बघते. खिडकी पूर्वेला आहे म्हणे.

सकाळी मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "तिकडे गेलो की मला जरा पाठ टेकता येईल हो." ते कुंपणाकडे बघत होते. ऐकलं की नाही कळलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज काय झालं ते लिहिते.

सगळं ठीक असून गाडी हूं की चूं करत नव्हती. पेट्रोल येतंय, टोपी घट्ट. ह्यांना विचारलं, तर डावा खांदा उडवला. दुपारी वहिनींचे मालक सहज आले. ते बस चालवायचे, आता घरी असतात. त्यांनी हँडलकडे नजर टाकली आणि लाल बटण दाबलं. म्हणाले, "अहो वहिनी, इंजिन बंद करायचं बटणच बंदवर आहे. किती मारल्या तरी काय होणार?"

मला मेलीला काय कळतंय. पण ह्यांना? एकतीस वर्षं ज्या माणसाने डोळे मिटून ही गाडी खोलली, त्याला लाल बटण आठवू नये? शेजारी बसून मला घामाघूम होताना बघत होते. मी त्यांच्यासमोर रडले नाही. आत जाऊन कापड ठेवतो त्या कपाटाशी उभी राहून रडले. उरलंसुरलं होतं ते डोकंही चाललं तर.

संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं, मुलालाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढू शकतं, लवकर हलवलेलं बरं. मुलाने पंचवीस तारखेचा टेम्पो सांगून ठेवला. म्हणाला, गाडी चालू नाही झाली तर बाबांची समजूत काढू. मी म्हटलं, समजूत निघणार नाही, तू ओळखतोस त्यांना. होईल चालू. मी करते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बटण चालूवर आहे, मी स्वतः त्याच्यावर चिकटपट्टी लावली. आता गाडी उचकी दिल्यासारखं करते आणि गप्प होते. प्लग काढला तर ओलाचिंब. पुसला, वाळवला, घातला, परत ओला. काल तीनदा, आज पाचदा. म्हणजे पेट्रोल जातंय, जळत नाही. मी म्हटलं, "तिसरं बोट राहिलं. हवा बघू का?" तर जोरात मान हलवली. "झालं. हवा, झालं." खरंच, फिल्टर मी पहिल्याच आठवड्यात झटकला होता. मग पुन्हा कार्बुरेटर सोडवला. जेट लखलखीत. काही कळेना. मी हात टेकले.

बसवाल्या भाऊंना बोलवू का विचारलं तर डोळे वटारले. सगळं विसरलेत, पण परका हात लागू द्यायचा नाही हे बरं लक्षात आहे. एवढा राग आला की पाना जमिनीवर आपटला. त्यांनी तो काठीने हळूहळू माझ्याकडे सरकवला.

पाच दिवस राहिले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

निजून लिहिते आहे, अक्षर वाकडं येईल.

सकाळी न्हाणीघरात ह्यांना उठवताना माझ्या कमरेत काहीतरी कट्कन झालं. मी खाली बसले ती ह्यांना घेऊनच. लागलं नाही दोघांनाही, पण मला उठता येईना आणि त्यांना तर येतच नाही. ओल्या फरशीवर भिंतीला पाठ लावून दोघं बसलो. बादलीतलं पाणी गार होत गेलं. हाका मारल्या, पण शेजारी दळणयंत्र चालू होतं, कोण ऐकणार. तासभर तरी झाला असेल.

मी रडले. ह्या वेळी कपाटाआड जायची सोय नव्हती. म्हटलं, "मला नाही होत आता. मी थकले हो. खरंच थकले." बोलून गेले आणि वाईट वाटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग डावा हात माझ्या कमरेवर, जिथे दुखत होतं तिथे ठेवला. सुरुवातीला नुसता ठेवला, मग चोळू लागले. जोर नव्हता, पण चोळत राहिले.

वहिनी आल्या तेव्हा सुटलो. भाऊंनी ह्यांना उचलून खुर्चीत नेलं. ह्यांनी खूण केली, पलंगावर नको, गाडीपाशी.

२३ नोव्हेंबर, रविवार

चालू झाली! एका किकमध्ये!

मी तर कमरेला शेक घेत आत पडले होते. भाऊ ह्यांना बघायला आले. ह्यांनीच त्यांना किककडे बोट दाखवलं. परक्याला! भाऊंनी पाय मारला आणि गाडी अशी गरजली की कबुतरं उडाली. मी भिंत धरून पडवीत आले. इंजिन एकसारखं चालत होतं, मागून पांढरा धूर. मेलीला अखेर सुबुद्धी झाली. प्लग आपोआप वाळला असेल, नाहीतर मी पाना आपटल्याने काहीतरी सुटलं असेल. काहीही असो. माझा जीव भांड्यात पडला.

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "बघा, केलीत ना तुमची गाडी चालू. झालं ना मनासारखं?" त्यांनी मान डोलावली. भाऊ बंद करायला गेले तर हात धरला त्यांचा. चालू दिली तशीच. पेट्रोल थोडंच होतं, ते संपेपर्यंत हात टाकीवर ठेवून बसले. बंद पडल्यावर म्हणाले, "निघू."

मुलाला सांगताना माझा आवाज लहान मुलीसारखा आला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कपडे धुवायला काढले. ह्यांच्या पायजम्याचा डावा खिसा जड लागला. आत कापडाच्या दोन गुंडाळ्या होत्या, घट्ट वळलेल्या. निळं अस्तर, माझ्याच कातरणातलं. एक बाजू काळी, पेट्रोलचा वास.

मला आधी कळलंच नाही. मग पडवीत गेले, फिल्टरच्या डब्याचा तो एक नट फिरवला. फिल्टरच्या मागे इंजिनाकडे जाणारी रबरी नळी आहे. गुंडाळी तिच्या तोंडाला लावून पाहिली. अस्तराला अस्तर बसावं तशी बसली. हवाच जात नव्हती तर पेट्रोल जळणार कसं.

तिथेच वेताच्या खुर्चीत बसले. टोपीतला स्क्रू हादऱ्याने सुटत नाही. बटण आपोआप पडत नाही. नखं टाकीला हात लावून काळी होत नाहीत. मी माप घ्यायला आत गेले की हा माणूस एका हाताने एवढी कामं करत होता. ते काही विसरलेले नाहीत. एक अक्षर विसरलेले नाहीत. त्यांना जायचं नव्हतं, एवढंच. आणि ते सांगायला तोंडात शब्द नव्हते, म्हणून गाडीला बोलायला लावलं.

मग काल? परवा मी पडले, आणि त्यानंतर त्यांनीच गुंडाळ्या काढल्या. माझ्या कमरेसाठी.

आता मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. मुलाला फोन करायला हवा होता. नको येऊस म्हणायला हवं होतं. इथेच बाई ठेवू, काहीतरी करू. फोन समोर होता. मी हातात घेतला आणि खाली ठेवला. मला ती पूर्वेची खिडकी दिसत होती. मला उचलायचं नव्हतं कुणाला.

गुंडाळ्या कचऱ्यात टाकल्या. पायजमा धुऊन वाळत घातला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मुलगा सकाळी आला. त्याने आणि भाऊंनी गाडी टेम्पोत चढवली, दोरीने बांधली. कुंपणाशी वीसेक माणसं जमली होती. ह्यांना तोच धुतलेला पायजमा घातला होता. दारात उभं केलं तेव्हा डावा हात खिशात गेला, चाचपून रिकामा बाहेर आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, नजर काढली नाही.

"जायचं?" त्यांनी विचारलं. अगदी स्पष्ट. मला, मुलाला नाही.

मी म्हटलं, "हो. जाऊ या."

त्यांनी मान डोलावली आणि मुलाच्या खांद्यावर हात टाकला.

३० नोव्हेंबर, रविवार

इथे सगळं आहे. बाई सकाळी सातला येते, तरबेज आहे, एका झटक्यात उचलते. मी उभी राहून बघते. पहिल्या दिवशी मी सलग सात तास झोपले, सून म्हणाली, "आई, उठवलंच नाही तुम्हाला." चांगली आहे पोर.

हे खिडकीकडे तोंड करून बसतात. चौथा मजला, खाली माणसं दिसतात, चेहरे दिसत नाहीत. परवा मुलाला काहीतरी विचारत होते, भिंतीकडे बोट दाखवून. मला समजलं, मीटर कुठाय विचारतायत. मुलगा म्हणाला, "बाबा, इथे सगळ्यांचे मीटर खाली एका खोलीत असतात, कुलूप असतं." त्यानंतर काही विचारलं नाही.

जेवण निम्म्यावर आलंय. डॉक्टर म्हणतात, जागा बदलली की होतं. गाडी खाली खांबापाशी उभी आहे, मुलाने आवरण घातलंय. दाखवायला नेऊ का विचारलं तर नको म्हणाले.

रोज ठरवते, आज म्हणायचं, परत जाऊ या. रोज बाई येते, आणि मी म्हणत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

गेले. सकाळी चहा दिला, एक घोट घेतला. दुसऱ्या घोटाला कप धरलाच नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

माणसं येतायत. तिकडून वहिनी आणि भाऊही आले, बसने, सहा तासांचा प्रवास करून. वहिनी म्हणाल्या, आमच्या दारावरची घंटा वाजली की अजून वाटतं मीटरवाले भाऊच आले. ह्यांना हे ऐकायला हवं होतं.

बैठकीत सुनेकडचे लोक होते, मुलाच्या कचेरीतले होते. मुलगा सगळ्यांना सांगत होता, "बाबांची एकच इच्छा होती. गाडी चालू झालेली बघायची. आईने तीन आठवडे स्वतःच्या हाताने खपून ती चालू करून दिली. त्याशिवाय ते घरातून हलले नसते." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊंनीही मान डोलावली.

एक वयस्कर बाई माझ्याशेजारी सरकून बसल्या, मी त्यांना ओळखतही नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "नशीबवान आहात हो. सगळ्यांना नाही जमत आपल्या माणसाच्या मनासारखं करायला."

मुलगा माझ्याकडे बघत होता. डोळे पुसत होता आणि माझ्याकडेच बघत होता.

मी म्हटलं, "हो."